सरसाचं भांडं

दीड वर्षं तोमोहारुंनी चित्रकला शिकायची नुसती तयारी केली. चित्र एकही काढलं नाही.

पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेतून ते निवृत्त झाले आणि त्याच आठवड्यात त्यांनी घराच्या मागची, जेमतेम सहा चटया मावतील एवढी खोली रिकामी केली. भिंतीला फळ्या ठोकल्या. त्यांवर दगडांच्या पुडींच्या बेचाळीस बाटल्या आल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी: रंगाचं नाव, कण किती बारीक, कधी आणली. मग पांढऱ्या बशांची चळत आली, शिंपल्याची पूड घोटायचा खल आला, सरस वितळवायला विजेची छोटी शेगडी आणि मातीचं झाकणाचं भांडं आलं. कुंचले टोकं खाली करून बांबूच्या दांडीला टांगले गेले. चित्र जमिनीवर आडवं ठेवायचं, म्हणून त्याच्यावर बसायला दोन ठोकळ्यांवर आडवी फळी टाकली. ती केसभर डुगडुगायची, म्हणून त्यांनी ती तीनदा तासली.

"अहो, बाळंतिणीची खोली तर झाली," त्यांची बायको किवा दारातून म्हणायची, "बाळ कधी?"

"आधी जागा, मग काम. टेबल नीट मांडलेलं नसेल तर तपासणी खोटी येते."

"बेचाळीस बाटल्या, चित्रं शून्य. हाही आकडा लिहून ठेवा तुमच्या वहीत."

मग शरदात तोमोहारुंच्या पोटदुखीचं निमित्त झालं. स्वादुपिंडात गाठ निघाली आणि ती काढण्यापलीकडे गेलेली होती. दांडा फिरवून वर-खाली होणारी खाट आणायची तर खालच्या मजल्यावर हीच एक जागा होती. बाटल्यांच्या फळ्या, खल, बसायची फळी सगळं होतं तिथेच राहिलं आणि मधोमध खाट आली. थंडी त्यांना अजिबात सोसेना, म्हणून रॉकेलची शेगडी सकाळी पेटली की रात्री निजेपर्यंत चालू.

गावच्या मंदिराचं छत नव्याने होत होतं. छतात चौकोन पाडलेले आणि दर घराने एकेक फळी रंगवून द्यायची. देवदाराची, हातभर लांब, हातभर रुंद. घराला एकच, जादा नाही. तोमोहारुंनी सगळ्यांच्या आधी नाव दिलं होतं. शिवाय पुजाऱ्यांना, ओशोसानना, जागाही सांगून ठेवली होती.

"छताकडे मान वर करून कोण बघतं?" ते किवाला म्हणाले. "ज्याला मान वळवता येत नाही तो. म्हणून सांगितलंय, मयताची पेटी ठेवतात ना, तिच्या बरोब्बर वर आमची फळी लावा. झाकणाला तोंडापुरती खिडकी असतेच. तिच्यातून तासभर नातेवाइकांच्या नाकपुड्या बघत पडायचं म्हणजे…"

"अभद्र बोलू नका."

"अभद्र काय त्यात? मोजून बघितलंय मी. सरळ रेषेत येतं."

काय काढायचं तेही ठरलेलं होतं. बाक्के. बर्फातून सगळ्यात आधी डोकं काढणारी हिरवी, कडवट कळी. ती मिसोत, म्हणजे सोयाबीनच्या आंबवलेल्या खारट लगद्यात, परतून पहिल्यांदा भाताशी खाल्ली की त्यांच्यालेखी हिवाळा संपायचा.

जानेवारीत त्यांनी कुंचला हातात घेतला. औषधांनी बोटांची टोकं बधिर झाली होती. कुंचला कधी सुटला ते त्यांना खाली पडल्याचा आवाज आला तेव्हा कळलं. कागदावर एक काळा फराटा उठला होता. 

"तू काढ," ते म्हणाले.

"मी? मी मुळे चिरते."

"सरळ चिरतेस ना? तेवढं पुरे."

सहासष्टाव्या वर्षी किवा त्या बसायच्या फळीवर जाऊन बसली. जुन्या वर्तमानपत्रांवर दोन आठवडे तिने एकच रेघ ओढली, वरून खाली. खाटेवरून सूचना यायच्या. मनगटातून नको, खांद्यातून. श्वास सोडता सोडता. झाडू मारतेस तशी.

"म्हणजे जमलं की. झाडू मी चाळीस वर्षं मारतेय."

"तुझा झाडूही कोपरातूनच चालतो. कोपऱ्यात कचरा राहतो तो त्यामुळे."

"चाळीस वर्षं गप्प बसलात हे बोलायला?"

फेब्रुवारीच्या पाच तारखेला तिने मंदिराच्या खऱ्या फळीला हात घातला. दगडाची पूड आपणहून कशालाच चिकटत नाही. तिला सरस लागतो. कातड्याच्या सरसाच्या कांड्या मोडून रात्रभर भिजवायच्या आणि सकाळी मंद आचेवर विरघळवायच्या. तोमोहारुंनी बजावलं होतं: दर दोन दिवसांनी नवा, जुना टाकून द्यायचा.

टाकायचा? किवाच्या ओट्याखाली कोंड्याच्या खाराचा डेरा होता. सासूने दिलेला. त्यात रोज काकडी, सलगम पुरायची, रोज हाताने ढवळायचं, कमी झालं की नवा कोंडा घालायचा. एकेचाळीस वर्षांत तो एकदाही रिकामा झाला नव्हता. जुन्याच्या संगतीने नवं शहाणं होतं, असं सासू म्हणायची. तेव्हा किवाने सरसही तसाच ठेवला. तिसरा हिस्सा जुना राखायचा, त्यावर नवा ओतायचा. आणि स्वयंपाकघरातल्या गारठ्यात तो थिजायचा म्हणून भांडं रॉकेलच्या शेगडीमागच्या फळीवर ठेवलं. तिथे तो चोवीस तास पातळ राही, हवा तेव्हा तयार. याबद्दल ती नवऱ्याला काही बोलली नाही. कांड्या कमी खर्ची पडतायत, याचा तिला थोडा अभिमानच वाटत होता.

चौदा तारखेला घाटात बर्फाचा कडा कोसळला आणि रस्ता बंद झाला. आठवड्याला येणारी नर्स यायची थांबली. डॉक्टर फोनवर बोलत. औषधं घरात होती.

पंधरा तारखेला चादर बदलताना किवाला वास आला.

गोडसर आणि जड. मोरीत काहीतरी अडकून राहिल्यासारखा. तिने चादरीची घडी छातीशी धरली आणि तशीच उभी राहिली. शेवटाकडे वास येऊ शकतो, घाबरू नका, असं इस्पितळात तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. म्हणजे आला.

 दिवसातून दोनदा चादर बदलू लागली. कोमट पाण्याने त्यांचं अंग पुसताना बगला, मान, कानामागे दोनदा फडकं फिरवू लागली. ते झोपले की खिडकी चार बोटं उघडायची आणि त्यांची पापणी हलली की लावायची. उदबत्ती मात्र तिने लावली नाही. त्या वासाने त्यांना भलतंच कळलं असतं.

तेही बदलले. ती वाकली की तोंड भिंतीकडे वळवायचे. गोधडी हनुवटीपर्यंत ओढून घ्यायचे. "लांबूनच दे," म्हणायचे. आणि आयुष्यात कधी न केलेली गोष्ट करू लागले. घाई.

"आज उजवं पान संपव."

"मंदिराचा सुतार दहा मार्चला फळी न्यायला येणार आहे. वेळ आहे."

"दहा मार्च माझ्या हातात आहे का?"

मग किवा दुपारचं जेवण उभ्याने उरकून फळीवर बसायची. खाली हिरवी कळी भरत चालली होती, पाच पानं तिला बिलगलेली, भोवती शिंपल्याच्या पांढऱ्याचा बर्फ. वास रोज थोडा वाढत होता. रंगवताना तिला तो जास्त जाणवायचा. ती मनाशी म्हणायची, इथे मी त्यांच्या जवळ बसते ना, म्हणून.

सत्तावीस तारखेला रस्ता उघडला आणि नर्स आली. कुराता-सान. तिशीची, रुंद खांद्यांची, घरात शिरली की आधी तिचा आवाज शिरायचा.

"काकू, तुमच्या दारापर्यंत मी पोहत आले म्हणा ना! काका, मी नसताना नवीन मैत्रीण तर नाही केलीत?" असं म्हणत तिने तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि थांबली. नाक वर केलं. "अगं बाई. काय मेलंय इथे?"

किवाने हातातला ट्रे खाली ठेवला. "कुराता-सान, आधी चहा घ्या. स्वयंपाकघरात चला, मी…"

"थांबा हो."

खाटेवर तोमोहारुंनी डोळे मिटले होते. नर्स सरळ त्यांच्यावर वाकली. मानेशी हुंगलं, तोंडाशी हुंगलं, गोधडी उचलून पोटाशी हुंगलं. किवाला वाटलं, आता जमिनीत गेले तर बरं.

"छे. काकांना तर साबणाचा वास येतोय. दुकानातल्या नव्या साबणाला पण एवढा नाही येत." ती सरळ झाली. "दिवसाला आठ आजारी माणसं हुंगते मी, काकू. मला शिकवू नका. हा माणसाचा वास नाही."

मग ती खोलीभर फिरली. खलाशी, बशांशी, रॉकेलच्या शेगडीशी. मागच्या फळीवरच्या भांड्याचं झाकण तिने उचललं आणि हातभर मागे सरकली.

"हे बघा. हे मेलंय."

 मग खाटेवरून आवाज आला, "इकडे आण."

तोमोहारुंनी पस्तीस वर्षं पिण्याच्या पाण्याचा वास घेतला होता. त्या कामाला यंत्र नसतं, माणसाचं नाकच लागतं, आणि सबंध प्रयोगशाळेत त्यांचं नाक पहिलं धरत. भांडं नर्सने धरलं. त्यांनी तळहाताने हवा आपल्याकडे ओढली, एकदा, दोनदा.

"कुजका," ते म्हणाले. "तीव्रता चार." आणि थोड्या वेळाने, "मला वाटलं, मी."

"मलाही वाटलं, तुम्ही," किवा म्हणाली.

"कधीपासून?"

"पंधरा तारखेपासून."

"मला चौदापासून." त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. बारा दिवसांत पहिल्यांदाच ते तिच्या बाजूला वळले होते. "बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

"काय बोलणार? अगं, मला वास मारतोय, जरा लांब बस?"

नर्सला हसू फुटलं. किवालाही फुटलं, आणि ते अर्ध्यावरच थांबलं, कारण तोमोहारु हसत नव्हते. ते जमिनीवरच्या चित्राच्या फळीकडे बघत होते.

"बोट फिरव," ते म्हणाले. "पानावरून. सुकलेल्या."

तिने बोट फिरवलं. बोट हिरवं झालं. पानावर बोटाएवढा पट्टा पडला आणि त्यातून लाकूड दिसू लागलं. तिने बर्फावर फिरवलं. बोट पांढरं झालं.

मग तिने कोंड्याच्या खाराचं सांगितलं. सांगताना ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

"खारात जंतू पाळायचे असतात!" त्यांना ओरडायचं होतं, पण तेवढा श्वास नव्हता. "सरसात पाळायचे नसतात गं. सरस म्हणजे लांबच लांब साखळ्या. त्या रंगाला धरून ठेवतात. जंतूंनी त्या कातरल्या. आता ते नुसतं घाण पाणी आहे. छताला लावलीस तर एका उन्हाळ्यात गळून पडेल सगळं. लोक हात जोडून बसतील आणि डोक्यावर हिरवी पूड."

नर्सने आपलं काम उरकलं, जाताना किवाच्या पाठीवर हात ठेवला आणि निघून गेली. किवा डुगडुग न करणाऱ्या त्या फळीवर बसून राहिली. सुतार यायला अकरा दिवस. हिरव्याची बाटली तळाला गेलेली. रंगाचं दुकान घाटापलीकडच्या शहरात, आणि यांना सोडून ती अर्धा दिवसही जाऊ शकत नव्हती.

"मी ओशोसानना सांगते," ती म्हणाली. "अशीच लावा म्हणते. तुमच्या वेळेपुरती तर…"

तिने तोंडावर हात ठेवला. पण शब्द निघून गेला होता.

"माझ्या वेळेपुरती टिकेल," तोमोहारुंनी वाक्य पुरं केलं. "टिकेल की. तासाभराचं तर काम आहे."

"मला तसं नव्हतं म्हणायचं."

"तसंच म्हणायचं होतं. आणि हिशोब बरोबर आहे तुझा." त्यांनी डोळे मिटले. "पण माझ्यानंतरही त्याच जागी पेट्या येतील, किवा. तूही येशील. तेव्हा काय बघशील, टक्कल पडलेली फळी? खोटा अहवाल मी कधी दिला नाही. धुऊन काढ."

"नाही."

"धुऊन काढ."

"माझ्या हातून नाही व्हायचं. तीन आठवडे बसलेय मी या कळीवर. पाठ मोडली माझी. मी नाही धुणार, तुम्ही उठा आणि धुवा!"

हे बोलून झाल्यावर तिला आपलंच बोलणं ऐकू आलं. ते उठू शकत नव्हते. 

तिने घमेल्यात कोमट पाणी आणलं, रुंद मऊ कुंचला घेतला आणि फळी तिरपी धरली. पंधरा मिनिटंही लागली नाहीत. कळी गेली, पाचही पानं गेली, बर्फ दुधासारखा ओघळला. घमेल्यात गढूळ हिरवं पाणी उरलं आणि त्याला तो वास. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं ते तिने पुसलंही नाही. घमेलं उचलून ती मोरीकडे वळली.

"ओतू नकोस!"

ती थबकली.

"दगड आहे तो. दगड विरघळतो का? कुठेही गेलेला नाही, पाण्यात आहे. खाली ठेव. हलवू नको."

तिने घमेलं खाली ठेवलं. तोमोहारुंनी तिच्याकडून खाटेचं डोकं वर करून घेतलं आणि पाण्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर किवाला कधीकाळचं, प्रयोगशाळेतून उशिरा घरी येणाऱ्या माणसाचं काहीतरी दिसलं. जड हिरवं आधी खाली बसत गेलं. पांढरं वर ढगासारखं तरंगत राहिलं.

"आता. वरचं पाणी अलगद दुसऱ्या घमेल्यात. अलगद म्हटलं! सासूवर सूड उगवल्यासारखं काय ओततेस?"

"तुमच्या आईवर सूड उगवायचा तर डेरा फोडला असता मी."

तळाच्या हिरव्यावर नवं गरम पाणी, ढवळायचं, बसू द्यायचं, ओतायचं. दर वेळी ती वाटीभर पाणी त्यांच्या नाकाशी नेई. पहिलं, तीव्रता चार. दुसरं, चार. तिसरं, तीन. चौथ्याला त्यांनी भुवई उचलली, "दोन, आणि त्यातही अर्धा तुझ्या हाताचा. हात धू." संध्याकाळ होत आली. पांढऱ्यालाही तिने तसंच सहा पाण्यांतून काढलं. शेवटच्या वाटीवर ते बराच वेळ थांबले. हवा ओढून घेतली, थांबले, पुन्हा ओढली.

"वास: नाही," ते म्हणाले. "आम्ही कागदावर एवढंच लिहायचो."

त्या दिवशी ते भिंतीकडे तोंड न करता झोपले.

फळी दोन दिवस गार पडवीत वजनाखाली सुकली. सरस आता वाटीभरच व्हायचा. काम झालं की वाटी पडवीच्या कडेला बर्फात रोवायची आणि दोन दिवसांनी उरलेला टाकायचा. टाकताना किवाचा हात दर वेळी अडखळायचा आणि दर वेळी ती टाकायची. पाच पानांची तोमोहारुंनी दोन केली. "बाकीची अजून बर्फाखाली आहेत म्हण," ते म्हणाले. चुकायला जागा नव्हती. रंगाचा एकच थर बसणार होता. ती श्वास सोडायची आणि खांद्यातून रेघ ओढायची.

मार्चच्या पाच तारखेपासून ते जास्त बोलेनासे झाले. पेजेचे दोन चमचे, कधी एक. ती रंगवायची आणि मागे श्वास ऐकायची. दोन श्वासांतलं अंतर वाढलं की कुंचला उचलून धरायची, आणि पुढचा आला की टेकवायची.

नऊ तारखेला दुपारी बर्फ पुरा झाला. संध्याकाळी तिने कळीवरून बोट फिरवलं, पानांवरून फिरवलं, पांढऱ्यावरून फिरवलं, आणि ते बोट त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं.

त्यांनी ते जवळून पाहिलं. "सुकलंय ना नक्की?"

"सुकलंय."

"जोरात घासलंस?"

"अहो, तुमची साल निघेल एवढ्या जोरात."

"कळी लठ्ठ झालीय," ते म्हणाले. आणि मग, "चांगली आहे. दिसेल तिथून."

दहा तारखेला सुतार सकाळी दहाला येणार होता. नऊच्या सुमारास किवा त्यांची उशी नीट करायला वाकली आणि तशीच थांबली.

वास हलका होता. गोडसर.

ती झटकन पडवीत गेली. पायात काही न घालता. वाटी बर्फातून उपसली, झाकण काढलं. हातून चूक झालेली असो, असं तिच्या मनात तीनदा येऊन गेलं. सरस थिजला होता. स्वच्छ, मधाच्या रंगाचा, बोट लावलं तर घट्ट थरथरणारा. तिने नाक अगदी त्याला टेकवलं. काही नाही.

वाटी घेऊन ती आत आली. तोमोहारु तिची वाटच बघत होते.

"काय गं?"

"सरस," ती म्हणाली. "पुन्हा नासलाय वाटतं. वास येतोय."

त्यांनी हवा ओढून घेतली. सबंध प्रयोगशाळेत पहिलं धरलेलं ते नाक. त्यांनी पुन्हा एकदा ओढली आणि तिच्या अनवाणी, लाल झालेल्या पायांकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "त्याचाच आहे. टाकून दे."

किवा पडवीच्या कडेला गेली आणि तिने वाटी उपडी केली. सरस एकसंध सुटला. बर्फावर वाटीच्याच आकारात थरथरत बसून राहिला. आत, भिंतीला टेकवलेल्या फळीवर कळी सुकलेली होती, आणि वळणावर सुताराची गाडी खालच्या गिअरमध्ये चढण चढत होती.